खदानीच्या पाण्यातल्या चकत्या

पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी कोणालाच काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षीचं नवरात्र नुकतंच संपलं होतं. उज्जैनच्या बाहेर, भैरवगढच्या पुढे, रस्ता सोडून थोडं आत गेलं की दगडाची एक जुनी खदान आहे. काही वर्षांपूर्वी खोदता खोदता झरे लागले, काम बंद पडलं आणि खड्डा पाण्यानं भरून गेला. शेजारचं शेत माझ्या एका मित्राचं. तो पिढीजात छपाईवाला, कापडावर लाकडी ठप्प्यांनी नक्षी उठवणारा. त्याच्या अंगणात रंगाचे हौद आहेत, पण खदानीत तो एक चिंधीसुद्धा बुडवू देत नाही. निवृत्त झाल्यापासून मी तिथे आठवड्यातून तीन-चारदा पोहायला जातो. हल्ली नदीच्या घाटावर पोहायचं म्हणजे गर्दीत पोहायचं, ते मला जमत नाही.

त्या दिवशी स्कूटर पंक्चर झाली, म्हणून पोचायला अकरा वाजले. एरवी मी सातलाच जातो. ऊन थेट पाण्यात उतरलं होतं. एक फेरी मारून मी पूर्वेच्या भिंतीच्या थोडा अलीकडे उताणा पडलो, मग वळलो, आणि डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर काहीतरी हललं. एक रुपयाच्या नाण्याएवढी पारदर्शक चकती. तिच्यात पांढुरक्या रेघांची फुली आणि कडेला केसांसारखी झालर. चकती आकसली, उघडली, आकसली, आणि वर गेली. तिच्यामागे आणखी एक होती, खाली आणखी काही. मी डोळे मिटले, उघडले. आहेतच. मी हात पुढे केला तर हातात नुसतं पाणी आलं.

बाहेर आलो, टॉवेल गुंडाळून दगडावर बसलो. काठावरून पाहिलं तर आभाळाचं प्रतिबिंब आणि वाळकी पानं, दुसरं काही नाही. मोबाइलनं दोन फोटो काढले, त्यांतही फक्त चकाकी आली.

मी कशाला घाबरलो ते सांगायला हवं. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी खानदेशातून इकडे आले आणि इथलेच झाले. फार सरळ, हिशेबी माणूस. शेवटची दोन वर्षं त्यांना घरात माणसं दिसायची. सकाळी उठले की ओसरीकडे बघून आईला म्हणायचे, "अगं, ही मंडळी केव्हाची बसलीत, चहा तरी दे." ओसरीवर कोणी नसायचं. सुरुवातीला आम्ही त्यांना समजवायचो, मग ते चिडायचे. शेवटी आई तीन कप चहा नेऊन ठेवायची आणि थोड्या वेळानं परत आणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशी सुरुवात डोळ्यांपासूनच होते, माणसाला नसलेलं दिसू लागतं. तेव्हा वडिलांचं वय अडुसष्ट होतं. मी त्या वर्षी सदुसष्टचा झालो होतो.

पुढचे चार दिवस मी रोज खदानीवर गेलो. दोन दिवस सातला, तेव्हा काही दिसलं नाही. दोन दिवस उन्हं चढल्यावर, आणि दोन्ही वेळा दिसल्या. छपाईवाला मित्र भोपाळला प्रदर्शनात दुकान लावून बसला होता. दुसरं कोणी तिकडे फिरकत नाही. म्हणजे विचारायला माणूस नाही, आणि फोनवर हे कसं विचारणार?

पाचव्या दिवशी पोहे खाताना बायको म्हणाली, "अहो, शेव घ्यायची राहिली तुमची. आणि गेले चार दिवस बघतेय, तुम्ही बोलत का नाही?"

ही बँकेत तीस वर्षं काउंटरवर होती. समोरच्या माणसाच्या मनात काहीतरी आहे हे तिला चेहऱ्यावरून कळतं. मी सांगून टाकलं. चकत्या, फुली, झालर, सगळं.

ती घाबरली असेल तरी दाखवलं नाही. म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना मार्चमध्ये? त्याचंच काहीतरी असेल. डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात म्हणे. आजच दाखवून येऊ."

संध्याकाळी फ्रीगंजमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी, हसरी. थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग यंत्रातून दोन्ही डोळे निरखले.

"अंकल, पर्दा एकदम साफ है. लेन्स भी अपनी जगह पर. आप तो बिना चश्मे के अखबार पढ़ लेंगे."

एरवी हे ऐकून मी पेढे घेतले असते. त्या संध्याकाळी मात्र फी देऊन सरळ रिक्षा शोधायला लागलो. डोळा साफ म्हणजे दोष आत कुठेतरी. बायकोही तेच समजली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "इंदोरला एक मेंदूचे डॉक्टर आहेत, माझ्या वहिनीच्या ओळखीचे. पुढच्या बुधवारची वेळ घेते."

"घे," मी म्हणालो.

रिक्षा टॉवरच्या चौकात अडकली होती. मला त्या घटकेला एकच वाटत होतं, की तिनं माझ्यासाठी रिकाम्या ओसरीवर चहा नेऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच तयार होऊन उभी राहिली. "इंदोरला जायच्या आधी मला एकदा दाखवा."

आम्ही आठच्या सुमाराला पोचलो. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, ती काठावर छत्री घेऊन उभी. अर्धा तास झाला. पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसतायत, एक लहानसा मासा इकडून तिकडे गेला. बस्स. मी सारखा म्हणत होतो, "थांब, आता दिसेल." आणि माझंच मला ऐकू येत होतं की हा आवाज वडिलांचा आहे.

"चला," ती हळूच म्हणाली. "ऊन होतंय." ऊन अजून कोवळंच होतं.

मला वाचवलं ते माझ्या नोकरीनं. मी आयुष्यभर कालव्यांवर इंजिनिअर होतो. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे गाळ टाकतं, यावर माझं पोट चाललं. त्या दुपारी घरी पंख्याखाली पडल्यापडल्या मी स्वतःला विचारलं, समजा त्या चकत्या खऱ्या आहेत, तर मला केव्हा आणि कुठे दिसल्या? उत्तर सोपं होतं. उन्हं चढल्यावर, आणि दर वेळी पूर्वेच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर. आणि बायकोला मी कुठे नेलं होतं? सकाळी, पश्चिमेच्या उताराशी, कारण तिथे तिला उभं राहायला बरं पडतं. मनात आलेली गोष्ट वेळ आणि जागा पाळत नाही. वडिलांची मंडळी तर ओसरीवर, स्वयंपाकघरात, अगदी दवाखान्यातही बसलेली असत.

रविवारी मी तिला म्हटलं, "आणखी एकदा येशील? बारा वाजता."

"येईन की," ती म्हणाली. तिनं डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली, जणू सहलीला निघालो होतो.

आधी मी मूठभर वाळकी कडुनिंबाची पानं पाण्यावर टाकली. पश्चिमेचा वारा होता. पानं हळूहळू सरकत पूर्वेच्या भिंतीला जाऊन साचली. वरचं पाणी वाऱ्यानं तिकडे ढकललं जातं, भिंतीला अडतं, खाली बुडतं आणि तळाजवळून परत येतं. साठवण तलावात हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. माझा अंदाज होता की त्या चकत्या पानांबरोबर भिंतीलाच सापडतील. आम्ही कडेच्या पायवाटेनं तिकडे गेलो. तिथे एक सपाट दगड पाण्यावर पुढे आलेला आहे. पानांचा थर होता, दोन पिसं होती, एक नारळाची शेंडी होती. चकती एकही नाही.

मी गुडघे टेकून वाकलो होतो. मान वर करायचा धीर होईना. काय सांगणार होतो तिला?

"अहो," बायको म्हणाली. "ते काय आहे?"

ती भिंतीकडे बघतच नव्हती. छत्रीची सावली तिनं पाण्यावर धरली होती, त्यामुळे चकाकी गेली होती, आणि दगडापासून हातभर दूर, हातभर खोल, त्या होत्या. एक वर येत होती, झटक्याझटक्यानं, लहान मूल ओंजळ मिटतं उघडतं तशी. वर पोचली, थांबली, झालर पसरली आणि छत्रीसारखी तरंगत खाली गेली. पुन्हा झटके, पुन्हा वर. तिच्याजवळ दुसरी, मागे तिसरी, आणि नजर बसल्यावर पुष्कळ.

"तुला दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय म्हणजे काय, केवढ्या आहेत! मधे पांढरी फुली आहे, तुम्ही म्हणाला होता तश्शी." मग ती दगडावर बसली, छत्री बाजूला ठेवली, आणि तिचा आवाज बदलला. "आहेत हो. खरंच आहेत."

मी तिचा हात धरला. मग आम्हाला हसू आलं आणि ते काही केल्या थांबेना. सहा दिवस छातीवर जो दगड होता तो कुठे गेला कळलंही नाही. त्या पुऱ्यांसारख्या पुऱ्या मी नंतर खाल्लेल्या नाहीत.

पुऱ्यांचा डबा रिकामा झाल्यावर तो विसळून मी त्यात पाण्यासकट पाच चकत्या धरल्या. घरी येऊन त्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडल्या. बायकोनं आमच्या गणेशोत्सव मंडळातल्या एका बाईंना फोन केला. त्या इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. तासाभरात बाई भिंग घेऊन आल्या, बरणीला नाक लावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "काका, हे जेलीफिश आहेत!"

"उज्जैनमध्ये?" मी म्हणालो. "समुद्र इथून केवढा लांब!"

"गोड्या पाण्यातली जात आहे ही. तळाच्या दगडाला टाचणीच्या टोकाएवढी चिकटून असते, वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नसतो. पाणी उबदार, शांत आणि खाणं भरपूर असलं की एखाद्या वर्षी या छत्र्या सोडते. मी आजवर पुस्तकातच पाहिली होती. तुम्ही पोहताना चावल्या नाहीत ना? नाहीच कळणार, आपल्या कातडीपुढे त्यांचा डंख काहीच नाही."

मग मी मला पडलेला प्रश्न विचारला. पानं भिंतीला साचली, मग या का नाही साचल्या?

"कारण त्या पोहतात," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं जेलीफिश नुसता वाहवत जातो. मोठ्या ओढीपुढे त्यांचं काही चालत नाही, हे खरं. पण अशा संथ पाण्यात त्या वरखाली करतात. तुमचं वरचं पाणी पूर्वेला जातं आणि खालचं पश्चिमेला येतं ना? मग थोडा वेळ वर, थोडा वेळ खाली, असं करणारा प्राणी साधारण तिथल्या तिथे राहू शकतो. हा माझा तर्क हं. समुद्रातल्या काही जाती तर ओढ ओळखून तिच्या उलट तोंड करून पोहतात. कसं ओळखतात ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही."

"मेंदूला कळत असेल," बायको म्हणाली.

"मेंदूच नसतो त्यांना. नुसतं नसांचं जाळं. आणि कडेला बारीक दाणे असतात, त्यांनी वर कुठलं आणि खाली कुठलं ते समजतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "घ्या! ज्याला मेंदू नाही त्यानं तुमचा मेंदू जागेवर आहे हे सांगितलं." आणि तिथेच, बाईंच्या समोर, वहिनीला फोन लावून बुधवारची वेळ रद्द केली. काय झालं होतं ते बाईंना सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही जसं वर्णन केलंत ना, तशा वर्णनाची मी माझ्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा करते आणि ते मला मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी बरणीतल्या चकत्या तळाशी मलूल पडल्या. बाई म्हणाल्या, अगदी स्तब्ध पाण्यात त्यांना अवघड जातं, आणि कोपरे लागले की झालर अडकते. मी माळ्यावरून काचेचा मोठा गोल बाउल काढला. त्यात कधीकाळी मुलीनं मासे पाळले होते. हवेच्या पंपाची नळी एका कडेला अशी बसवली की पाणी उभ्या चक्रात अगदी सावकाश फिरावं. पहिल्यांदा जोर जास्त झाला, बिचाऱ्या गरगर फिरल्या, तेव्हा नळीला चिमटा लावला. तासाभरानं पाचांतल्या चार पोहू लागल्या. पाचवी काही उठली नाही.

मी खुर्ची ओढून बसलो ते जेवायलाही उठलो नाही. पाणी वर नेत असेल तिकडे त्या गेल्या की झटके थांबवायच्या आणि नुसत्या पसरून राहायच्या. पाणी खाली ओढायला लागलं की पुन्हा आकसणं सुरू. कधी चुकायच्याही, उलट्या व्हायच्या, मग कलत कलत सरळ. कालव्यावर मी पंप पाहिले, झडपा पाहिल्या, पण इतक्या कमी कष्टात काम करणारं यंत्र पाहिलं नव्हतं. आकसली की पुढे जाते हे सरळ होतं, पाणी मागे फेकलं जातं. पण आकसून उघडल्यावर, काहीच करत नसताना, ती आणखी थोडी पुढे सरकल्यासारखी वाटायची. ते कसं?

मंगळवारी छपाईवाला भोपाळहून परतला आणि बातमी ऐकून थेट घरी आला. बाउलकडे बघून म्हणाला, "अरे भाईसाब, ये? ये तो हमने पिछले के पिछले साल भी देखे थे."

"काय?" मी उडालोच. "तो बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा कब?"

आता याला काय म्हणावं! बायको स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होती.

चकती उघडल्यावरही पुढे कशी सरकते ही माझी शंका ऐकून तो म्हणाला, "पानी का चलना देखना है तो पानी में रंग डालो. हम तो रोज देखते हैं." दुसऱ्या दिवशी तो डाळिंबाच्या सालींचं घट्ट पिवळं पाणी शिशीतून घेऊन आला. त्यात दुसरं काही घातलेलं नाही, जनावराला त्रास होणार नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी पंप बंद केला. त्यानं ड्रॉपरनं एक थेंब चकतीच्या खाली अलगद सोडला. त्याचा हात काय स्थिर! चकती आकसली आणि पिवळ्या रंगाची एक बांगडी तिच्या खालून निघाली, गोल, अखंड, स्वतःभोवती वळत खाली गेली. पुढच्या झटक्याला दुसरी बांगडी. आणि चकती उघडताना रंगाचा थोडा भाग परत आत वळून तिच्या पोटाशी फिरायचा, त्याच वेळी ती तो शेवटचा तसूभर सरकायची.

संध्याकाळी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उघडायला तिला बळ लावावं लागत नाही, चकती रबरासारखी आपोआप फुगते. आणि आत वळलेलं ते पाणी तिला खालून रेटतं. समुद्रातल्या जातींमध्ये हे पाहिलेलं आहे. तुम्ही दोघांनी घरी पाहिलंत, मला का नाही बोलावलं?"

दुसऱ्या दिवशी बोलावलं. बाई, छपाईवाला, बायको आणि मी, चौघांनी मिळून पाहिलं, आणि पिवळी बांगडी सुटली की छपाईवाला दर वेळी "वाह!" म्हणायचा. मग चारही चकत्या आम्ही खदानीत नेऊन सोडल्या. थंडी पडल्यावर बाकीच्याही दिसेनाशा झाल्या. यंदाच्या आश्विनात एकही आली नाही. बाई म्हणतात, तळाशी असतीलच.

त्याच वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत एक गोष्ट उघड झाली. इस्त्रीला द्यायचे माझे शर्ट मी खिसे तपासून बाजूला टाकत होतो. एका खिशात चिठ्ठी निघाली. बायकोचं अक्षर. माझं नाव, घराचा पत्ता, कॉलनीचं नाव, आणि खाली तिचा मोबाइल नंबर. दुसऱ्या शर्टातही तीच. तिसऱ्यातही.

मी चिठ्ठ्या घेऊन तिच्याकडे गेलो. ती करंज्या लाटत होती. बघितलं आणि लाटणं थांबलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडून आलो ना, त्या रात्री लिहिल्या," ती म्हणाली. "तुम्ही झोपल्यावर. काढायच्या राहूनच गेल्या."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगणार होते? तुम्हीसुद्धा चार दिवस कुठे काय सांगितलंत?"

बरोबर होतं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि करंज्यांच्या कडा दुमडायला घेतल्या. माझ्या कडा नीट होत नाहीत, तळताना उघडतात, हे तिनं पूर्वी पुष्कळदा सुनावलं आहे. त्या दिवशी तिनं आणखी पाऱ्या लाटून माझ्यापुढे सरकवल्या. थोड्या वेळानं मीच विचारलं, पुढच्या महिन्यात मुलीकडे जाऊ तेव्हा दोन दिवस समुद्रावर जायचं का? मोठे जेलीफिश बघता येतील.

"जाऊ की," ती म्हणाली. "पण पाण्यात तुम्ही एकटे उतरायचं नाही. मी काठावर उभी राहणार नाही आता, मीही येणार."

तिला पोहता येत नव्हतं. तेव्हापासून आम्ही सकाळी खदानीवर दोघं जातो. पश्चिमेच्या उताराशी ती माझ्या हाताला धरून पाय मारते, आणि छपाईवाला काठावरून सूचना देतो.